तुझं दूध खराब नोहतं

आंबेटोला, तालुका कुरखेडा
१४ सप्टेंबर १९८७

गिरजाले मायचा जयभीम. इथी सगळे खाऊनपिऊन आहेत, तिथी राजुऱ्यालेही असतीन. कोळशाच्या धुळीनं तुझा खोकला वाढला असं कानावर आलं. विहारात शिकली तेवढ्याच अक्षरानं लिवून राह्यली. हे दुसऱ्याच्या हातानं लिवाची गोष्ट नाई.

धान बरा आहे. तुझ्या भावाच्या, सोमाच्या पोराले सातवा महिना लागला.

मागच्या महिन्यात दवाखान्याची जीप आली. शाळेत टीव्ही मांडला, जीपच्या बॅटरीवर. लोक जमावे म्हणून आधी समुद्राचा सिनेमा लावला. समुद्राच्या बुडाशी डोंगर फुटते म्हणे. खोल पाण्यात चुलीतल्या इस्त्यासारखा लालभडक रस भळभळा निघे, वरून काळा पडे, पुन्हा फुटे. मी नर्सबाईले विचारलं, "बाई, पाण्यात इस्तो इझत काऊन नाई?"

"आजी, वरून इझते. आतून पेटलेलाच राह्यते."

शेजारची गुणाबाई म्हणे, "मंग तिथले मासे शिजूनच निघत असतीन. मीठ घेऊन जाऊ."

सगळे हासले. मी नाई हासली. डोळ्यादेखत फसवून राह्यले असं वाटलं.

मंग दुसरा सिनेमा. लेकराले हगवण लागली तर पाणी तोडू नका, उलट पाजा. उकळून थंड केलेलं गिलासभर पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. अंगावरचं दूधही चालू ठेवा. मी उठून घरी आली. जो पाण्यात इस्तो दाखवते, तो हगवणीवर पाणीच पाजाले सांगन. आपल्या घरी अशा लेकराचं पाणी तोडतात, हे तुले सांगाले नको.

आठ दिवसानं सोमाच्या पोराले हगवण लागली. मी पाणी तोडलं. पण दुसऱ्या दिवशीही त्याचे ओठ ओले, लंगोट ओला. डब्यातली साखर कमी होऊन राह्यली होती. सुनेवर, नीलावर, संशय आला. पाळतच ठेवली. दुपारी ती पोराले घेऊन गोठ्यात गेली, मी मागून गेली. वाटी-चमच्यानं पाजून राह्यली होती. मी वाटी धरली.

"सोड."

"नाई सोडत, आत्याबाई."

"मारून टाकशीन त्याले."

"टाकीन तर मी टाकीन. त्याची माय मी आहो. तुम्ही हात काढा."

माझ्यासमोर अशी जीभ घरात कोणी चालवली नोहती. थोबाडीत देणार होती. पण पोरगं वाटीकडे मान लांबवून राह्यलं होतं. ती मान मी आधी पाह्यली आहे. मी हात काढला.

चवथ्या दिवशी पोरगं खेळाले लागलं. नर्सबाईवर अजून माझा भरोसा नाई, त्या डोंगरावर तर नाईच. पण पोरगं समोर खेळते, त्याच्यावर काय संशय घेऊ?

गिरजा, तेरा वरसं झाले. तू माहेरी होती, तुझ्या सुकलूले हगवण लागली, पाण्याची वाटी तुझ्याही हातात होती. मी सोड म्हणलं, तू सोडली. तू मायचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि चार बायांत बसून मी सांगतलं का याच्या मायचं दूधच खराब होतं.

दूध खराब नोहतं. मी पाणी तोडलं होतं.

त्या चौघीतल्या तिघी जित्या आहेत. तिघींच्या घरी जाऊन सांगून आली. गुणाबाई म्हणे, "एवढ्या दिवसानं काऊन सांगतं?" मी म्हणलं, "तेव्हा खोटं बोलली म्हणून." तुझ्या सासरी कोणी दुधाचं नाव काढलं तर हा कागद त्याच्यासमोर टाक.

माफ केलं असं लिवू नको, माझा त्यावर विश्वास बसणार नाई. शिव्या लिव. त्या मी खऱ्या मानीन.

सुकलूचं पाणी तोडणारी,
तुझी माय
अंजना