पडवीतली खुर्ची

१२ जानेवारी, रविवार. दांडी, आमचं गाव.
सुट्टी म्हणायची आणि सकाळपासून पडवी भरलेली. बाबांनी निळी प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर काढली की गावाला कळतं, भावेश आलाय. मग बीपी, शुगर, कुणाचं ड्रेसिंग. एक जण पायात पाकट माशाचा काटा घुसलेला घेऊन आला, वर हळद थापलेली, आत पू. साफ करेपर्यंत मला शिव्या, झाल्यावर "हात हलका हाय रे तुजा." बाबा दारात उभे राहून नंबर लावतात. "रांगेत बसा. म्हातारी मानसं पयली." कंपाउंडरचा पगार मागतील एक दिवस.

हेच बाबा मी नर्सिंगला नाव घातलं तेव्हा माझ्याशी बोलेनासे झाले होते. बोटीवर मला उलट्या होतात हे त्यांनी गिळलं, पण कोळ्याचा पोर नर्स! आता पाहुण्यांना सांगतात, "बोईसरला मोठ्या हास्पिटलात हाय." नर्स शब्द अजून तोंडातून निघत नाही. चालायचंच.

शेवटी पांडूकाका. बाबांचे बोटीतले भागीदार, माझ्या लहानपणापासून घरातलेच. बीपी वाढलंय. मीठ कमी करा म्हटलं तर हसले. "सुका बोंबील काय साखर लावून खाऊ?"

निघताना आईने बोंबील बांधून दिले. "तुज्या त्या मित्राला पन दे." म्हणजे केदारला. सफाळ्याचा, शाळेत शिकवतो, एकटा राहतो, एवढंच तिला माहीत. इतकी वर्षं झाली आम्हाला एकमेकांचे होऊन, तिच्यासाठी तो मित्रच.

१५ जाने., बुधवार
दुपारची ड्यूटी, पुरुषांचा वॉर्ड. आमच्याकडची रीत अशी की पुरुष पेशंटला लघवीची नळी घालायची असली की सिस्टर हात झटकून मोकळ्या. "ब्रदरला बोलवा." दाढी-केस काढायचे, ब्रदर. पिऊन आलेला आवरायचा, ब्रदर. जड माणूस उचलायचा, ब्रदर. बायकांच्या वॉर्डात मात्र दारातून आत बघायचं नाही.

आज पांडूकाका ॲडमिट. जेट्टीवर घसरले, खुब्याचं हाड मोडलं. उद्या ऑपरेशन, त्याआधी नळी. ट्रे घेऊन गेलो, पडदा ओढला. "काका, मीच आहे, घाबरू नका." काकांनी चादर दोन्ही मुठींत धरली.
"तू नको. दुसऱ्या कोनाला पाटव."
लाजले असतील म्हणून म्हटलं, काका, माझं रोजचं काम आहे हे. तर पडद्याबाहेरून त्यांचा मुलगा, "बाबा नको बोलले ना? हात लावू नको त्यांना."

डॉक्टर येईपर्यंत काका तसेच. उघडलेला ट्रे फुकट गेला.

चहाच्या वेळी कळलं. दिनेशमामा, आमचा वॉर्डबॉय, त्याने गेल्या महिन्यात मला आणि केदारला पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर पाहिलं. हात हातात घेऊन बसलो होतो. सगळ्या वॉर्डाला सांगून झालंय, पेशंटच्या नातेवाइकांनासुद्धा. मीच उशिरा ऐकणारा.

१७ जाने., शुक्रवार
आणखी दोघांनी नको म्हटलं. एकाने तर नाडी पण बघू दिली नाही. नाडी! मनगटात काय ठेवलंय रे तुझ्या.
भाजलेल्या हाताचा एक कामगार आहे, बिहारचा, एमआयडीसीतला. दिनेशमामा त्याच्याही कानाला लागला होता. ड्रेसिंगला गेलो तर त्याने हात पुढे केला. "भैया, आप ही करो. दूसरा कोई करता है तो जान निकल जाती है." डोळे भरून आले. बँडेज चुकीचं गुंडाळलं, परत सोडलं, परत गुंडाळलं.

२१ जाने., मंगळवार
लीना सिस्टरनी बोलावलं. आमच्या इनचार्ज. त्या वाईट नाहीत, तेच वाईट.
"भावेश, माझं काही म्हणणं नाही रे. पण उद्या लेखी कंप्लेंट आली तर मला विचारणार."
"माझं काय चुकलं ते तरी लिहितील का त्यात?"
"चिडू नको. थोडे दिवस सीएसएसडी बघ."
म्हणजे तळमजल्यावरची खोली. वापरलेली हत्यारं येतात, ती धुवायची, ट्रे बांधायचे, वाफेच्या मशीनमध्ये घालायचे. पेशंट एकही नाही. बायकांना मी पुरुष म्हणून चालत नव्हतो, पुरुषांना आता मी पुरुष म्हणूनच चालत नाही. उरले चिमटे आणि कात्र्या. त्यांची काही तक्रार नाही.

२६ जाने., रविवार. दांडी.
बाबांनी सवयीने खुर्ची काढली. बीपीचं मशीन मांडून बसलो. शाळेचं झेंडावंदन झालं, पोरं जिलेबी खात गेली, मोठी माणसं आमच्या दारावरून गेली. कुणी वळलं नाही. पाकटाचा काटावाला लंगडत समोरच्या बाजूने गेला. बाबा दारात उभे. रांग लावायला कुणी नाही.

जेवायच्या वेळेला त्यांनी स्वतःच खुर्ची उचलली आणि आत नेली. माझ्याकडे बघितलं नाही. काही विचारलंही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या दारी आई मासळी साफ करत होती.
"पांडूच्या घरचे येऊन गेले. काय काय बोलत होते. खरं हाय काय?"
"हो."
सुरी थांबली नाही तिची. आणखी दोन मासे कापून म्हणाली, "मग बोंबील खाल्ले काय त्याने?"
खाल्ले म्हटलं. मान हलवली. मी तिथेच बसून रडलो, तिचे हात मासळीचे म्हणून कोपराने माझं डोकं जवळ घेतलं.
बाबा कळून गप्प आहेत. आपलेच दात, आपलेच ओठ.

५ फेब्रु., बुधवार
आज लिहवत नाही, पण लिहितो.
सकाळी सीएसएसडीत ट्रे बांधत होतो. आईचा फोन. बाबांची लघवी काल संध्याकाळपासून बंद, पोट फुगलंय, रिक्षाने निघालोय. दारापाशी धावलो. बाबा वाकून रिक्षातून उतरले, घामाने भिजलेले. वॉर्डात घेतलं. पोटाला हात न लावता दिसत होतं, मूत्राशय बेंबीपर्यंत आलेलं. नळी घातली की सुटका, दुसरं काही नाही. आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले, आयसीयूतला ब्रदर रजेवर.
सिस्टर एकमेकींकडे बघायला लागल्या. लीना सिस्टर स्वतः म्हणाल्या, "भावेश, तूच घाल. मी बघते पुढचं."
ग्लोव्हज चढवले. पडद्याच्या आत गेलो.
बाबांनी लुंगी घट्ट धरली. पांडूकाकांनी चादर धरली होती तशीच. "ह्याला भायेर काडा."
"बाबा, डॉक्टरांना वेळ लागेल. फुटेल पोट."
"फुटू दे. भायेर जा."

बाहेर उभा राहिलो. बोटीवर हाताचं बोट चेपलं तेव्हा ज्यांनी हूं केलं नव्हतं, ते बाबा पडद्याआड कण्हत होते. आई म्हणत होती, घालू द्या त्याला, तुमचाच हाय. मी ग्लोव्हज काढले नाहीत. डॉक्टर आले तोवर आत घाम साचून हात सुरकुतले होते.
डॉक्टरांनी नीट केलं. पिशवी भरत गेली, कण्हणं थांबलं. उघडलेला ट्रे सकाळी मीच बांधलेला होता. बाबांना माझा हात लागला तो एवढाच.

६ फेब्रु., गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत वर गेलो. बाबा झोपेचं सोंग घेऊन पडलेले. पिशवी टॉवेलखाली लपवलेली. शेजारच्या पेशंटच्या मुलाने माझ्याकडे बघत त्यांना विचारलं, "हा ब्रदर तुमचा कोण लागतो?"
बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "गावातला हाय."
खाली आलो आणि कात्र्या घासल्या. स्वच्छ होत्या त्याही घासल्या.

८ फेब्रु., शनिवार
डिस्चार्ज. प्रोस्टेट वाढलंय, गोळ्या चालू. नळी दोन आठवडे ठेवायची, मग काढून बघायची. लघवी सुटली तर ठीक, नाहीतर नवीन घालायची. जास्त दिवस तशीच ठेवली तर आत पू होतो. डॉक्टरांनी दोनदा बजावलं. बाबा रिक्षात बसताना आईला म्हणाले, "परत इथं पाय ठेवनार नाय." मी पिशवी नीट खाली लटकवायला वाकलो तर पाय मागे घेतले.

१६ फेब्रु., रविवार
दांडीला गेलो नाही. सफाळ्याला गेलो. केदारने दार लगेच लावून घेतलं. त्याच्याही शाळेत कुजबुज पोहोचली आहे. भात लावला, वाढला, मग ताटाकडे बघत म्हणाला, "थोडे दिवस नको येऊस."
थोडे दिवस. लीना सिस्टर पण थोडेच दिवस म्हणाल्या होत्या.
भांडलो नाही. त्याचीही नोकरी आहे, त्याचंही गाव आहे. स्टेशनपर्यंत सोडायला आला, पण जरा मागून, आपण ओळखीचे नसल्यासारखा. गाडी सुटताना मात्र हात वर केला. कुणीतरी बघितलंच असेल.

२१ फेब्रु., शुक्रवार
आईचा फोन. पिशवीत गढूळ येतंय. काल अंगात थंडी भरली होती. दवाखान्यात चला म्हटलं की बाबा ऐकत नाहीत. बोईसर नाही, पालघरही नाही. सगळीकडे लोक विचारतात म्हणे, पोरगा नर्स हाय ना तुमचा?
म्हटलं फोन त्यांच्या कानाला लाव.
"बाबा, आता नळी बदलायलाच हवी. नाहीतर रक्तात जाईल ते. माझा हात नको असेल तर नको. आयसीयूतला संतोष ब्रदर आहे, चांगला आहे, बायको-पोरांचा आहे. रविवारी त्याला पाठवतो."
बायको-पोरांचा आहे, हे मी का बोललो? स्वतःच्या तोंडून.
मग आईचा आवाज. "दिला परत फोन. काय नाय बोलले."
संतोषला विचारलं. जातो म्हणाला, पेट्रोलचे पण नको म्हणाला. बरं वाटलं आणि त्याच्यावर रागही आला. त्याने काय केलंय बिचाऱ्याने.

२३ फेब्रु., रविवार
सकाळी आईचा फोन.
"त्या संतोषला पाटवू नको बोलले."
"मग? बदलायची नाही का? ताप आहे का आज?"
"हाय थोडा. अंगोळ केलीय. धुतलेली लुंगी नेसलेत."
"दवाखान्यात येतायत?"
"नाय. पडवीत खुर्ची काडून ठेवलीय. सोता उभेच हायत दारात. मी इचारलं कोनासाटी काडली, तर बोलले, तुला काय करायचंय."
मग ती म्हणाली, "मला काय म्हायती नाय हां. मी आपली सांगते." आणि फोन ठेवला.

संतोषला नको जाऊ म्हणून कळवलं. लीना सिस्टरना सांगून सामान घेतलं. नळी, एक जास्तीची नळी, पिशवी, जेली, ग्लोव्हज. ट्रे मीच बांधलेला. ताप चढलेला दिसला तर उचलून आणावं लागेल, येऊ देतील की नाही देव जाणे. कदाचित खुर्ची नुसती उन्हात टाकली असेल. कदाचित दारातूनच परत पाठवतील.

बोईसर स्टेशनबाहेर दांडीच्या रिक्षात बसून हे लिहितोय. एक सीट भरायची राहिली आहे, रिक्षावाला हलत नाही. त्या सीटचे मी देतो, चल म्हटलं.
"येवढी घाई? कोन आजारी हाय काय?"
"माझे बाबा," म्हटलं.