उरलेला डाग

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. भावोजींकडून खुशाली कळते, पण तीही दोन ओळींची. म्हणून मीच कामाचं लिहितो.

संग्रहालयात मला प्रथमच एक चित्र साफ करायला दिलं आहे. अठराव्या शतकातलं, शाईने काढलेलं; प्रसंग त्याहूनही जुना. सेनापती लढाई जिंकून घरी आला आहे. उंबऱ्यात हसत उभा, हातात लाकडी घोडा. बायको पाळण्याशी बसलेली. पाळण्यावर चादर पार वरपर्यंत ओढलेली आहे, बाळ झोपलं असावं. पाळण्याचं लिहू की नको, असं दोनदा वाटलं.

बायकोच्या छातीशी दोन फिकट डाग होते. लिहायला संकोच वाटतो. ओलीचे समजून एक मी ओल्या कापसाने टिपून काढला. साहेब खूश झाले, दुसराही सोमवारी काढ म्हणाले. पण दोन्ही अगदी सारखे कसे, हे मनातून जात नाही. तू म्हणशील, हा मीठसुद्धा मोजून खातो.

लोभ आहेच, थोडा कागदावरही उतरू दे.

तुझा धाकटा

दि. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

मीठ मोजणाऱ्या, दुसऱ्या डागाला हात लावू नकोस. ती ओल नाही, दूध आहे. आणि पाळण्यात कोणी नाही. बाळ असताना चादर अशी तोंडावरून कोण ओढतं?

माझं बाळ गेलं तेव्हा आईने सगळ्यांना बजावलं की हिच्यापुढे विषय काढू नका. आठ महिने झाले, कोणी काढला नाही. पण दूध थांबलं नव्हतं. अकरा दिवस वेळेवर येत राहिलं. तुझे भावोजी बोटीवरच्या नोकरीवरून परतले, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दारातूनच माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहून हसले आणि म्हणाले की राजांना भूक लागलेली दिसते. ते वाक्य आम्ही दोघंही कधी काढत नाही.

त्या बाईचा एक तरी राहू दे.

हे पत्र आईला दाखवू नकोस. तब्येतीला जप.

तुझी ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी साहेबांना सांगितलं. तुझं नाही, चित्राचं. त्यांनी भिंग लावलं. डागाच्या कडेला कुंचल्याची रेघ निघाली. चित्रकाराने मुद्दाम काढलेला. मी पुसला तिथे आता नुसता स्वच्छ कागद आहे. गप्प बसलो असतो तर दुसराही गेला असता आणि कोणाला कळलंही नसतं. साहेब ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. यापुढे मी फक्त चौकटी पुसायच्या.

चित्राखालची चिठ्ठी मात्र, अक्षर बरं म्हणून, मलाच लिहायला दिली. जुनीवर ‘विजयी सेनापतीचे आगमन’ होतं. मी लिहिलं, ‘पाळणा रिकामा आहे. पतीला अजून ठाऊक नाही.’ साहेबांनी वाचलं आणि सही केली.

रविवारी येतो. आईला विचारलेलं नाही. मला त्याच्याबद्दल सांग. मी त्याला दोनदाच पाहिलं, आणि दोन्ही वेळा तो झोपलेला होता. त्याचे डोळे कसे होते, मला माहीत नाही.

तुझा धाकटा