अर्ध्यात राहिलेलं गाऱ्हाणं

५ डिसेंबर, शुक्रवार
झालं. आलं माझं नाव. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांना मोबाइल, टीव्ही, ॲप वगैरे शिकवायला 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून मी. केंद्रप्रमुख साहेबांचा फोन आला तेव्हा पोलादपूर स्टँडवर उभी होते, तोंडात वडापाव. धड धन्यवादसुद्धा म्हणता आलं नाही.
महाडला घरी येईपर्यंत डोक्यात नुसते बेत. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आता घरातले रिमोट तरी आमच्याकडे राहू दे." राहू दे बापडे. आज कशाचाच राग येत नाहीये.

८ डिसेंबर, सोम.
प्रशिक्षण, महाडमध्येच. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा लहान, पण खमक्या. जोड्या लावल्या. ज्याला येतं त्याने हात पाठीमागे बांधायचे आणि ज्याला येत नाही त्याला फक्त तोंडाने सांगायचं. माझ्या जोडीला बिरवाडीकडच्या एक बाई. त्या चुकीच्या ठिकाणी बोट नेतायत हे दिसलं आणि माझा हात आपोआप पुढे. "बाई, हात मागे." परत तेच. तिसऱ्यांदा मॅडमनी माझाच पदर माझ्या हातात पाठीमागे धरायला दिला. सगळा हॉल हसला, मीही हसले. पण आतून चिडले. समोर दिसतंय तर करून का नाही द्यायचं?
जाता जाता मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शाळेत नसताना ते चाललं, तरच तुम्ही शिकवलंत असं समजा." वाक्य बोचलं. म्हणून लिहून ठेवलं.

१३ डिसें., शनि.
सुचलं!! जीपमध्ये बसल्या बसल्या. आंबेनळीच्या रस्त्यावर धुकं, ड्रायव्हर अंदाजाने गाडी हाकतोय आणि मला हे सुचलं.
आमच्या शाळेची वाडी म्हणजे बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. बाप सगळे मुंबईत. पालकसभेला आया येतात, मान डोलावतात आणि शेवटी एकच वाक्य, "ह्यांना विचारून सांगते." मग ह्यांनाच का नाही बोलवायचं? व्हिडिओवर. रविवारी, सुट्टीच्या दिवशी.
मोरे गुरुजींना (आमचे मुख्याध्यापक, निवृत्तीला आलेले) सांगितलं. ते म्हणाले, "करा. मला फक्त बटण दाबायला सांगू नका." शाळेतला टीव्ही ते अजून लांबूनच बघतात. पेन ड्राइव्ह मीच लावायचा, टीव्ही बंदही मीच करायचा. मी नसले की टीव्हीवर टॉवेल.
अडचण एकच. शाळेत रेंज नाही. रेंज फक्त सहाणेवर.

१७ डिसें., बुध.
सहाण म्हणजे देवळासमोरचा तो चौथरा, शिमग्यात पालखी बसते तो. एरवी सगळी वाडी तिथेच मुंबईला फोन लावते, चपला खाली काढून. पण सभा घ्यायची तर गावकीला विचारावं लागणार. आणि गावकीला विचारायचं म्हणजे गणूतात्यांना. मानकरी ते. सध्या गुडघ्याच्या उपचारासाठी मुंबईत मुलाकडे असतात, तरी वाडीतलं पान त्यांच्याशिवाय हलत नाही.
सुनंदाने फोन लावून दिला. (आरोहीची आई. आरोही तिसरीत. बाप रमेश मुंबईत टेम्पो चालवतो. गेल्या वर्षीपर्यंत पोरीला वाचता येत नव्हतं, आता धडाधड वाचते, पण त्याने कधी ऐकलेलंच नाही. सुनंदाला एवढंच हवंय, त्याने ऐकावं.)
तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "करा की. पर सहाणंवर बसनार म्हंजे आदी गाऱ्हानं व्हायला होवं. मी हितनं घालीन." देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं, एवढंच ना, म्हटलं मी. एवढंच.
कें.प्र. साहेबांना कळवलं. ते तर माझ्याहून खूश. जमलं तर पुढच्या वेळी केंद्रातल्या सगळ्या शाळांना दाखवू म्हणाले. झोप येणार नाही आज.

२१ डिसें., रवि.
काय करून बसले मी.
टीव्ही सहाणेवर आणला, वायर देवळातून. समोर आया, आज्या, पोरं. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. कोणी टेम्पोत, कोणी गॅलरीत, कोणी अजून ब्रश करतोय. पोरं ओरडत होती, "बाबा, बाबा." मधल्या चौकोनात गणूतात्या, टोपी घालून, हात जोडून, घरात एकटेच. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा महाराजा..." इकडून सगळ्यांनी म्हटलं, "होय महाराजा." तिकडून मुंबईकरांचं "होय महाराजा" मागाहून आलं, एकेकाचं वेगवेगळं. तात्या पुढे गेलेले, "होय" मागचं. वर सुनंदाचा फोन चालू, आणखी दोघींचे चालू, सगळ्याची मिळून एक कर्णकर्कश शिट्टी. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले.
आणि माझा हात पुढे गेला. 'सगळ्यांचे आवाज बंद.' दाबलं.
एकदम शांत. पडद्यावर तात्यांचे ओठ हलतायत. डोळे मिटून, हात जोडून देवाला सांगतायत आणि ऐकू कोणालाच नाही. सहाणेवरचं प्रत्येक माणूस माझ्याकडे बघतंय. आवाज परत सुरू करायला गेले तर होईना. बंद मला करता येतो, चालू करणं ज्याचं त्याच्या हातात. ते बटण कुठे आहे हे तात्यांना कोणी दाखवलं होतं? फोनसुद्धा मुलाने सकाळी लावून ठेवलेला, तो कामावर.
मग तात्यांनी डोळे उघडले. "होय" का येत नाही म्हणून थांबले. पडद्याकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि उठून गेले. रिकामी खुर्ची दिसत राहिली.
एक म्हातारी म्हणाली, "गाऱ्हानं अर्ध्यात रायलं." कोणी ओरडलं नाही. एकेक उठून गेले. आरोहीने पुस्तक उघडून धरलं होतं, ते तिने मिटलं.

२२ डिसें., सोम.
गुरुजींनी चहा करून दिला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
दुपारी सुनंदा निरोप घेऊन आली. "तात्या बोल्ले, अर्दं गाऱ्हानं ठेवून फुडं कायबी व्हनार नाय. सभा नाय, टीवी नाय." मी विचारलं, फार चिडलेत का? तर म्हणे, "चिडलं नाय बाई. जेवलं नाय."
हे ऐकून रडू आलं. स्वतःचाच राग येतो. मॅडमनी सगळं शिकवलं, हात मागे ठेवायला सांगितलं, आणि ऐन वेळी...
कें.प्र. विचारतायत, पुढची सभा कधी? काय सांगू?

२७ डिसें., शनि.
गणूतात्या आले. गाऱ्हाणं अर्ध्यात सोडून आपल्याला चैन नाही म्हणाले आणि गुडघे घेऊन रेल्वेने निघाले. मी आणि गुरुजी वीर स्टेशनवर घ्यायला गेलो. नारळ आणि विडा नेला होता. निमंत्रणाची नुसती लिंक पाठवली होती मी मागच्या वेळी. मानकऱ्याला लिंक! सुनंदानेच सांगितलं, "नारळ न्या बाई, आदीच न्यायचा होता."
रिक्षात मी माफी मागितली. तात्या बाहेर बघत होते. म्हणाले, "माझा आवाज बंद केलात त्याचं काय नाय. घरात सूनबाई रोजच करते. पर देवाला अर्ध्यात ताटकळत ठेवलंत." गुरुजींना हसू आवरेना, मला रडू.
मग तात्याच म्हणाले, "त्या फोनवर माझा आवाज चालू हाय का बंद, मला कसं कळनार? दाखवा." मी गुरुजींना व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि हात पाठीमागे घेतले. रिक्षात हात पाठीमागे घेऊन बसणं म्हणजे वळणावळणाला कपाळमोक्ष. सांगत राहिले, खाली बघा, माइकचं चित्र, त्यावर आडवी रेघ म्हणजे बंद. त्यांचं बोट तीनदा चुकीच्या जागी गेलं. एकदा फोनच कट झाला. मी दात आवळून बसले. चौथ्यांदा जमलं. मग महाड येईपर्यंत ते नुसतं बंद-चालू, बंद-चालू. शेजारी गुरुजी मान वाकडी करून बघत होते. म्हणाले, "एवढंच होय?"

४ जानेवारी, रवि.
आज तात्या सहाणेवर, प्रत्यक्ष. बाकी सगळे पडद्यावर. वाडीत फोन फक्त एकच चालू ठेवायचा, हे सुनंदाने घराघरात जाऊन सांगितलेलं.
तात्यांनी अर्ध्यावरचं गाऱ्हाणं जिथे थांबलं होतं तिथूनच उचललं. इकडे सगळे म्हणाले, "होय महाराजा." तात्या पुढे बोलले नाहीत. एका बाईला वाटलं विसरले, ती सांगायला लागली, तर हात वर करून म्हणाले, "थांब गो. मुंबयचं येऊं दे." आणि आलं. उशिरा, फाटक्या आवाजात, पण सगळ्यांचं मिळून. "होय महाराजा." मग पुढचं वाक्य. प्रत्येक वाक्याला वाडी थांबत होती.
मग आरोहीने वाचलं. एक पान, न अडखळता. रमेशने टेम्पो कडेला लावला होता. वाचून झालं तरी तो काही बोलेना. सुनंदा म्हणाली, "रेंज गेली वाटतं." तर तिकडून आवाज आला, "नाय गेली. आनखी एक पान वाच."
सुनंदा पदराने तोंड पुसत होती. मी तर सरळ रडले, लपवलं नाही. आज मी पोलादपूर तालुक्यातली सर्वांत सुखी बाई.

६ जाने., मंगळ.
कें.प्र. साहेब शाळेत येऊन गेले. पुढची सभा १ फेब्रुवारीला, केंद्रातले सगळे शिक्षक ऑनलाइन बघणार. जमलं तर सगळ्या शाळा हेच सुरू करणार. मी हवेत.
पण एक खटकतंय. परवाचं सगळं मीच जोडलं, मीच लावलं. मला ताप आला तर सहाणेवर पुन्हा शांतता.
सुनंदाला म्हटलं तर ती म्हणाली, "देवळातल्या दिवाबत्तीची पाळी असते, तशी लावा की. एका घरानं करायचं काय हाय त्यात?" इतके दिवस ते देऊळ समोर आहे.

१९ जाने., सोम.
पाळी सुरू. टीव्ही रोज वेगळ्या हातात. सुनंदाचा दिवस झाला, अंगणवाडीच्या ताईंचा झाला. माझे हात मागे. बोटं नुसती शिवशिवतात.
आज गुरुजी. टॉवेल काढला, घडी घातली, पेन ड्राइव्ह उलटा लावला, काढला, सुलटा लावला. चित्र आलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी त्यांना दटावलं आणि स्वतःच हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक तारखेला माझी पाळी धरा."
मी म्हटलं, सगळं केंद्र बघणार आहे गुरुजी. म्हणाले, "म्हणूनच. आणि बाई, तुम्ही येऊ नका. तुम्ही असलात की मी तुमच्याकडे बघतो."
हो म्हटलं. मॅडमचं ते वाक्य आता खरं करून दाखवायचंय.

३१ जाने., शनि.
उद्या. गुरुजींना फोन करायचा नाही असं ठरवलंय. दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवून दिला. हे म्हणाले, "फोन माझ्याकडे दे." दिला नाही.

१ फेब्रुवारी, रवि.
हे लिहितेय ते सभा चालू असतानाच. महाडला, घरी. फोन समोर, पाण्याच्या तांब्याला टेकवून.
सहाण दिसली. कॅमेरा जरा वाकडा, देवळाचा कळस कापलेला. तोंडातून निघालंच, "गुरुजी, थोडा उजवीकडे." कोणी ऐकलं नाही. खाली बघितलं तर माझ्या माइकवर आडवी रेघ. गुरुजींनी आल्या आल्या सगळ्यांचे आवाज बंद केलेले, त्यात माझाही. हे इतके हसले की ठसका लागला.
मग गणूतात्या, उपचारासाठी परत मुंबईला गेलेले, त्याच खुर्चीत. त्यांच्या माइकवरही रेघ. माझा जीव वर. तात्यांनी पडद्याजवळ तोंड आणलं, मोठं बोट दिसलं आणि रेघ गेली. एकट्याने. "बा देवा महाराजा..." वाडी म्हणाली, "होय महाराजा." तात्या थांबले. मुंबईकरांनी आपापल्या रेघा काढल्या आणि त्यांचंही आलं. मीही म्हटलं, इथेच, आवाज बंद ठेवून.
गाऱ्हाणं पूर्ण झालं. केंद्रातले सगळे शिक्षक चौकोनांत बसलेत. गुरुजींनी आरोहीला पुढे बोलावलं. तिने पुस्तक उघडलं आणि चित्र थांबलं. गुरुजींचा हात अर्धा वर, आरोहीचं तोंड उघडं. माझी रेंज चांगली आहे, हे लटकलंय ते तिकडेच.
काय करायचं ते मला माहीत आहे. माझा आवाज चालू करणं माझ्याच हातात आहे, एक बोट लावायचं. हे माझ्याकडे बघतायत.
चित्र अजून तसंच आहे. पेन ठेवते आता. दोन्ही हात मागे घ्यायचेत.