मैनाताईला गोळ्यांची हकीकत

रोहा, ६ एप्रिल १९९८

तीर्थस्वरूप सौ. मैनाताईस, दत्तूचा वाकून नमस्कार. (वाकता येतं आता. मागच्या वर्षी येत नव्हतं, पोट आड यायचं.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा गुडघा कसा आहे? अंगणात पापड वाळत असतील आणि काठी घेऊन भावोजी राखणीला बसले असतील, म्हणजे गुडघ्याला विश्रांती आहे असं धरून चालतो. मी ठीक आहे. चार महिने पत्र का नाही याचं कारण सांगायला हे पत्र लिहितो आहे, आणि ते लांबणार आहे. पाट्यावरचं वाटण आटोपून मगच वाचायला बस.

तर झालं असं. डिसेंबरात इथे धाटावला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एका बदली होऊन चाललेल्या साहेबांच्या निरोपाचे बटाटेवडे ठेवले होते. पहिल्या शिफ्टची माणसं भाषण ऐकायला गेली आणि मी मागे राहिलो. माणसं परत आली तेव्हा परातीत मिरच्या होत्या. (त्या मी खात नाही, पित्त होतं.) धाटावभर बोभाटा झाला. कंपनीच्या डॉक्टरांनी मला दार लावून विचारलं, असं किती वेळा होतं? मी म्हटलं, आठवड्यातून चार-पाच वेळा. भूक नसते गं. एकटा असलो की हात सुरू होतो आणि पोट दुखेपर्यंत थांबत नाही, आणि मग इतकी लाज वाटते की आरशासमोर दाढी करवत नाही. याला आजार म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तोवर मी त्याला माझा स्वभाव समजत होतो.

मुंबईच्या एका इस्पितळात या आजाराच्या गोळ्यांची परीक्षा चालली होती, तिथे त्यांनी माझं नाव दिलं. बारा आठवडे. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसती पिठाची, आणि कुणाला कुठली ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. (मी म्हटलं, मग तुम्हाला पगार कशाचा? कुणी हसलं नाही.) वर एक रकाने पाडलेली वही. जे जे खाल्लं ते लिहायचं आणि खाताना काय वाटत होतं तेही लिहायचं. दर पंधरवड्याला एस्टीने जायचं. ताई, गाडी पेणच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. सहा वेळा गेलो, सहा वेळा आलो, तुझ्या घराकडे एकदाही वळलो नाही. कारण पुढे येतं.

आता माझी शोभा ऐक. दीड महिन्यात मोठे डॉक्टर माझ्यावर बेहद्द खूश झाले. आठवड्यातले तीन दिवस हा माणूस काही खातच नाही, असं पाहुण्या डॉक्टरांना माझी वही दाखवून सांगायला लागले. मीही मान ताठ करून बसायचो. हाताखाली हिना म्हणून एक डॉक्टरीण होती, आपल्या रोह्याशेजारच्या अष्टमी गावची पोर. तिने वही चाळली आणि विचारलं, "काका, सोमवार, गुरुवार, शनिवार नुसतं उपास लिवलंय. उपासाला काय काय खाल्लंत?" मी खरं तेच सांगितलं, की काही नाही. एक पातेलं साबुदाण्याची खिचडी, सहा रताळी, डबाभर दाण्याचे लाडू आणि केळी. उपासाचं कुणी खाल्लं म्हणून लिहितं का, तूच सांग! ती म्हणाली, "रोजा सुटल्यावर आमच्याकडं काय होतं ते मला ठावं हाय, काका. सगळं लिवा." मोठ्या डॉक्टरांनी त्या दिवसापासून पाहुण्यांना माझी वही दाखवली नाही.

मग मी सगळं लिहायला लागलो. आणि दहाव्या आठवड्यात तिने विचारलं, की या वहीच्या आधीचं, कुणालाच न सांगितलेलं असं एखादं खाणं आहे का?

आहे. ताई, आता बसून वाच.

गेल्या वैशाखात तुझ्या भावजयीचं, नमिताचं, वर्षश्राद्ध झालं. परसातल्या दगडी गडग्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं होतं. दोन वाजले तरी कावळा शिवेना. सगळे पडवीत ताटकळत बसले. तू एकटीच गडग्यापाशी गेलीस आणि हात जोडून म्हणालीस, "चुकलं गो माझं, नमिते. पापडांच्या पायी तुला बघाय आली नाय मी. घास घे गो बाय." मी न्हाणीघरामागे उभा होतो. तू डोळे पुसत आत गेलीस, आणि मी पुढे झालो. दोन वडे, भात, खीर, सगळं उभ्याने खाल्लं. चार शितं इकडेतिकडे उडवली आणि चोच मारल्यासारखं पान नखाने फाडलं. (एवढी अक्कल त्याही वेळी शाबूत होती.) तू बाहेर आलीस, पान पाहिलंस आणि ओरडलीस, "घेतला गो तिनं घास!" केवढी रडलीस! मग सगळे जेवले. मीही पुन्हा जेवलो.

"नमितानं मला माफ केलं" असं तू पेणभर सांगतेस हे माझ्या कानावर आहे. म्हणून स्टँडवर उतरवत नव्हतं. हे सगळं ऐकून हिना हसली नाही. म्हणाली, "ज्यांच्यापासनं लपवलंत त्यांना सांगा. येवढं काय गोळीनं व्हायचं नाय." म्हणून हे पत्र. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. फार वाईट वाटतं एवढंच लिहितो.

भावोजींना नमस्कार. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
दत्तू

ता. क. खाणं आता आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं आहे. गोळीने, वहीने की तुझ्या भीतीने, ते अजून त्यांनाही सांगता येत नाही. यंदा पापड पाठवू नकोस. (मिरगुंडंही नकोत. पाठवलीसच तर थोडी.)

ता. क. २. नमिता इस्पितळात अकरा दिवस होती, तेव्हा "ऊन आहे तोवर ताईंनी पापड करून घ्यावेत" असं ती स्वतः म्हणाली होती. तुझ्यावर ती एक दिवस रागावली नाही. रागावलो होतो मी. तू बाराव्या दिवशी, ती गेल्यावर, आलीस तेव्हा "असू दे ताई" म्हणालो, पण मनातून दोन वर्षं सोडलं नव्हतं. तू माफी मागितलीस, ती मी ऐकली. घास मीच घेतला. आता राग नाही.

ता. क. ३. वैशाख वद्य तृतीयेला श्राद्ध आहे. ऐन पापडांचे दिवस आहेत, मला माहीत आहे. तरी ये, आणि आठ दिवस राहा. वही त्यांनी पुढेही चालू ठेवायला सांगितली आहे. तीत "जेवताना सोबत कोण होतं" असा एक रकाना आहे. पहिल्या पानापासून तिथे मी "कोणी नाही" असं लिहीत आलो आहे.