खडूची रेघ

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पाकीट बघून तुला वाटेल, ही बाई फोन विसरली की काय. फोन तू उचलत नाहीस आणि ऑफिसच्या मेलवर घरचं लिहायची माझी छाती नाही. शिवाय भांडण झालं की बोलणं बंद आणि चिठ्ठ्या सुरू, ही आपल्या घरची जुनीच रीत. साखरेच्या डब्याखाली तुझ्या किती चिठ्ठ्या सापडायच्या मला. अर्थात आपलं भांडण झालेलं नाही, हे आधीच लिहून ठेवते.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या भाचीला चष्मा लागला. फ्रेम निवडायला तिनं दुकानदाराचा घाम काढला आणि शेवटी पहिलीच घेतली. वहिनीची पाठ कशी आहे? तू घरी बसल्यापासून तिला निदान बादल्या उचलाव्या लागत नसतील.

ऑफिसात गडबड आहे. आपली कंपनी आता सहावी कंपनी विकत घेते आहे. पाच झाल्या तरी पोट भरलं नाही. तीही आपल्यासारखीच, लिफ्ट बसवणारी आणि दुरुस्त करणारी. मागच्या पाच वेळी झालं तेच होईल. पहिल्या दिवशी भाषण, दुसऱ्या दिवशी निळे शर्ट, तिसऱ्या दिवशी दारावरची जुनी पाटी काढतील आणि स्क्रूची चार भोकं तशीच राहतील. मग जेवणाच्या टेबलावर नव्या माणसाला कुणीतरी विचारेल, "तू कितव्यातला?" मी दुसऱ्यातली, तू चौथ्यातला. पहिल्यातले लोक अजून खिडकीजवळ बसतात आणि बाकीच्यांना नवी सून आल्यासारखं वागवतात.

आता कामाचं लिहिते. त्या सात मजली इमारतीच्या लिफ्टबद्दल आमच्या साहेबांनी तुझ्याकडे एक निवेदन पाठवलंय. "तपासणीत माझ्याकडून अनवधानानं चूक झाली" एवढंच आहे त्यात. सही केलीस तर सहा महिने परवाना थांबेल आणि नंतर कंपनी तुला गोदामात घेईल. नाही केलीस तर वीस तारखेला सरकारी निरीक्षकबाईंपुढे सुनावणी होईल, आणि तिथं परवाना कायमचा गेला तर पंचवीस वर्षं काम केलेला मेकॅनिक पुन्हा लिफ्टला हात लावू शकणार नाही. कागदावर सगळं तुझ्या विरुद्ध आहे. तपासणीच्या फॉर्मवर बेचाळीसच्या बेचाळीस रकान्यांत तुझ्या खुणा आहेत. सतरावा रकाना, "चाक ठीक आहे का", त्यातही "ठीक" वर खूण आहे, आणि तीनच दिवसांनी लिफ्ट तळमजला सोडून खाली आदळली. चार माणसं आत होती. त्या निवृत्त मास्तरांचा घोटा मोडला. यापेक्षा वाईट झालं नाही, हे नशीब.

दादा, सही कर. ताठा बाजूला ठेव. मी तुझ्या भल्याचंच सांगते आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझी बहीण

*

११ मार्च

प्रिय दादा,

तुझं उत्तर वहिनीकडून फोनवर मिळालं. "तिला सांग, खोटं मी लिहिणार नाही आणि खरं मी सांगणार नाही." वहिनीनं दोनदा विचारलं, म्हणजे काय हो? मी म्हटलं, मला काय माहीत, तुझा नवरा पहिल्यापासून तिरपागडा आहे. ती हसली नाही.

असं कोड्यात बोलून तुला काय मिळतं? माझा राग आलाय तर सरळ म्हण की राग आलाय.

तुला वाटत असेल, फॉर्म माझा आहे. आहेच. पाच कंपन्यांच्या पाच तऱ्हा होत्या. एकीची वही, एकीचा फळा, आमच्या दुसऱ्या कंपनीत तर नुसती स्मरणशक्ती. साहेबांनी सांगितलं, सगळ्यांचा मिळून एकच फॉर्म करा, आणि पाचही ठिकाणी आहे तेवढंच ठेवा, नाहीतर एकाची सवय दुसऱ्याच्या माथी मारल्यासारखं होईल. ऐकायला किती न्यायाचं वाटतं. पाचही ठिकाणी होतं तेवढं ठेवलं. त्याला पस्तीस मिनिटं पुरतात असं ठरलं. तेही मी ठरवलं नाही, वरून आलं.

तू म्हणशील, दुसऱ्याचं सांग, तुझं सांग. सांगते. आमची कंपनी घेतली तेव्हा आमच्या खोलीत अकराजणी होतो. वर्षाच्या शेवटी मी एकटी उरले. मी काही फार हुशार नव्हते. मला तक्ते करता यायचे, एवढंच. त्या दहाजणींची टेबलं एकेक करून नेली आणि शेवटी माझा आवाज त्या खोलीत घुमायला लागला. तेव्हापासून मला एकच भीती आहे. नवी पाटी लागली की मी आधी स्वतःचं टेबल जागेवर आहे का ते बघते. हे कुणाला सांगितलं नव्हतं, घरातही नाही.

म्हणूनच तू चौथ्यातून आलास त्या दिवशी पाण्याच्या मशीनजवळ मी तुला तसं बोलले. "इथं ओळख दाखवू नकोस, आणि ठमी तर अजिबात म्हणू नकोस." भाऊ तपासणीत आणि बहीण फॉर्म करते, असं लोकांनी म्हणू नये, हे कारण मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण तुझ्या हाताला काळं ग्रीस होतं आणि पहिल्यातल्या दोघीजणी आपल्याकडे बघत होत्या, हेही होतं. तू ग्लास भरलास आणि म्हणालास, "बरं, मॅडम." दोन वर्षं झाली, तू तो शब्द पाळतोस. जिन्यात भेटलास तरी मान लववून "मॅडम" म्हणतोस. सुरुवातीला मला वाटायचं, चिडवतोयस.

तू सुनावणीत खरं का सांगणार नाहीस, ते मला कळलंय. वहिनीला नसेल कळलं.

साहेबांना हे प्रकरण वीस तारखेच्या आत मिटायला हवंय. सहाव्या कंपनीचे मालक विचारतायत की दोष माणसाचा की पद्धतीचा. माणसाचा असेल तर व्यवहार होईल. पद्धतीचा असेल तर ते दुसरं गिऱ्हाईक बघतील. काल साहेबांनी मला दार लावून विचारलं, "चौथ्यातल्या लोकांनी फॉर्मबद्दल आधी काही लेखी कळवलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

ते म्हणाले, "मग बरं झालं," आणि पुन्हा विचारलं नाही.

सतरा तारखेला निरीक्षकबाई ती लिफ्ट बघायला जाणार आहेत. कंपनीतर्फे मी त्यांच्याबरोबर आहे. जावं लागणार आहे.

तुझी बहीण

*

१९ मार्च

दादा,

आज नमस्कार-चमत्कार राहू दे. हे पत्र तुला सुनावणीच्या आधी मिळायला हवं, म्हणून मी ते स्वतः येऊन तुमच्या दाराखालून सरकवणार आहे. बेल वाजवायची हिंमत होईल असं वाटत नाही.

परवा त्या इमारतीत गेलो. लिफ्ट बंद, त्यामुळे सात मजले पायी. तिसऱ्या मजल्यावर मास्तरांचं दार उघडं होतं. पायाला प्लास्टर, समोर स्टूल, मांडीवर शब्दकोडं. त्यांनी निरीक्षकबाईंना विचारलं, "तो खडूवाला मेकॅनिक कुठं आहे? त्याला काही करू नका. पूर्वी तो मला वर नेऊन दाखवायचा. जन्मभर खडू झिजवला, पण त्याचा असा उपयोग मला माहीत नव्हता." बाईंनी माझ्याकडे बघितलं. "खडू कसला?" मी म्हटलं, "वर बघू."

वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. दहा वर्षं लिफ्टच्या कंपन्यांत आहे आणि दोर ज्या चाकावरून जातात ते चाक मी कधी पाहिलं नव्हतं. बाईंबरोबरच्या माणसानं खिशातून खडू काढला, चाकावर आणि दोरांवर मिळून एकच आडवी रेघ ओढली, लिफ्ट रिकामीच हळू वर-खाली केली आणि परत त्याच जागी आणून थांबवली. चाकावरची रेघ एकीकडे, दोरावरची चार बोटं पलीकडे. दोर घसरत होते. चाकाची खाच आतून झिजली होती. नुसत्या डोळ्यांना ते चाक चकचकीत आणि ठणठणीत दिसत होतं. मीसुद्धा "ठीक" वर खूण केली असती.

मग बाईंनी टॉर्च भिंतीवर मारला. भिंतीवर तुझ्या तारखा होत्या. खडूनं लिहिलेल्या, एकाखाली एक, प्रत्येक महिन्याची. शेजारी "जुळली", "जुळली", "जुळली". माझा फॉर्म जूनमध्ये आला. जून आहे. जुलै आहे. ऑगस्टच्या तारखेपुढं "पाव बोट, लक्ष ठेवणे" आहे. सप्टेंबरपासून भिंत कोरी आहे.

सप्टेंबरमध्ये काय झालं ते मी ऑफिसात येऊन शोधलं. तुला ताकीद गेली होती. पस्तीस मिनिटांची वेळ तीनदा ओलांडल्याबद्दल. पुढच्या वेळी कारवाई होईल असं लिहिलंय. अशी पत्रं महिन्याला शंभर जातात, यंत्रच काढतं, मी वाचत नाही. पण खाली सही माझी आहे. दादा, माझ्या सहीनं तुझ्या हातातला खडू मी काढून घेतला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पण पत्ता नव्हता म्हणून सुटायची सोय मला नाही, कारण दुसरं एक आहे. तेच मी दोन पत्रांत टाळलं.

गेल्या मे महिन्यात फॉर्मचा कच्चा मसुदा सगळ्या शाखांना पाठवला होता. बाकीच्यांनी "मान्य" लिहून परत केला. तू लाल पेननं शेवटच्या पानावर लिहिलंस, "ठमे, खडू राहिला. आमच्या मालकांनी तो कधी कागदावर लिहिला नाही, कारण न करणारा माणूस आमच्याकडे नव्हताच. तू लिहून घे, नाहीतर पुढची पोरं विसरतील. दादा." मी ते वाचलं. पाचातल्या एकाच ठिकाणची सवय, रकाना कुठून देणार, असं स्वतःला सांगितलं. तेवढ्यानं भागलं असतं. पण खरं सांगू? मी आधी "ठमे" वाचलं आणि माझे कान तापले. शिपायानं वाचलं असेल का, पहिल्यातल्या बायकांनी वाचलं असेल का, हा पहिला विचार आला. खडूचा दुसरा. मी तो कागद टेबलाच्या खणात सगळ्यात खाली, डब्याच्या रुमालाखाली ठेवला. मसुद्याची नवी प्रत काढून त्यावर चौथ्या कंपनीच्या नावापुढं मीच "मान्य" लिहिलं.

तुला हे माहीत होतं. तू कागद पाठवला होतास आणि उत्तर आलं नव्हतं. चौकशीत एवढं बोलला असतास की झालं असतं, "मी लेखी कळवलं होतं." पण पुढचा प्रश्न आला असता, कुणाला? आणि मी तुला ओळख दाखवायला बंदी केली होती. तू माझा शब्द पाळलास आणि स्वतःचा परवाना पणाला लावलास. मी तुला लिहिलं, ताठा बाजूला ठेव. माझी मलाच लाज वाटते. पहिल्या पत्रातलं "तुझ्या भल्याचंच" हे वाक्य तू फाडून टाक, बाकीचं ठेव किंवा ठेवू नकोस.

काल रात्री आमच्या घरी सांगितलं. हे म्हणाले, "नोकरी जाईल." मी म्हटलं, "जाईल." मग यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

आज सकाळी कागद घेऊन निरीक्षकबाईंच्या कचेरीत गेले. साहेबांना न सांगता. तासभर बाकावर बसले. दोनदा उठून दारापर्यंत गेले आणि परत आले, तिथल्या पहारेकऱ्यानं पाणी हवंय का विचारलं. बाईंनी आत बोलावलं. त्यांच्यासमोर मी तुझा मसुदा, मी बनवलेलं "मान्य" आणि सप्टेंबरची ताकीद, असे तीन कागद ठेवले. बाईंनी चष्मा काढून पुसला, मग लाल अक्षरं दोनदा वाचली.

"हे कुणाला लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "ही ठमी कोण?"

दादा, दोन वर्षं ज्या नावाला घाबरले, ते तिथं टेबलावर पडलं होतं आणि लिहिणारा कारकून पेन उचलून थांबला होता.

"मी," म्हटलं. "हा माझा सख्खा भाऊ."

कारकुनानं लिहून घेतलं. स्पेलिंग विचारावं तसं त्यानं विचारलं, "ठमी, एवढंच?" एवढंच म्हटलं.

याचा शेवट काय होईल, मला माहीत नाही. बाई म्हणाल्या, खूण मेकॅनिकची आहे, सही मेकॅनिकची आहे, त्याला पूर्ण मोकळं सोडता येईलच असं नाही. पण आता दोष एकट्याचा राहणार नाही. फॉर्म सगळीकडे थांबवायला त्यांनी आजच सांगितलंय. दुपारी साहेबांचा फोन आला, मी उचलला नाही. उचलायचा नाही, हे तुझ्याकडूनच शिकले. माझं टेबल उद्या जागेवर नसेल. गंमत म्हणजे, आज मी ते बघायलाही गेले नाही.

उद्या अकरा वाजता सुनावणी आहे. मी कंपनीच्या बाजूला बसणार नाही. तुझ्या शेजारची खुर्ची मोकळी ठेव. नको असेन तर तिच्यावर तुझी पिशवी ठेव, मला कळेल आणि मी मागं बसेन, रागावणार नाही.

पण एवढं कर. साहेब असतील, पहिल्यातले लोक असतील, सगळे असतील. मी आत आले की मला मॅडम म्हणू नकोस.

तुझी
ठमी