झाडावरचा चेहरा

मॅसाचुसेट्स, सप्टेंबर १७६५

एबेनेझरकाका,

जिथे आपला एकही माणूस नाही, त्या लंडनच्या पार्लमेंटने आपल्या प्रत्येक कागदावर मुद्रांक लादला, आणि तो विकायचं काम तुम्ही घेतलंत. म्हणून गावाने तुमचं बाहुलं फासावर चढवायचं ठरवलं. जहाजांच्या पुढच्या टोकावर बसवायचे लाकडी चेहरे मी कोरते. तुमचाही मीच कोरला. नाकाचा बाक, भुवईवरचा व्रण, सगळं मापाने. वाटलं, लाकूड लटकलं की माणूस सुटेल.

बाहुलं एल्मच्या झाडावर चढलं. शेतकरी त्याच्यापुढे भोपळे धरून म्हणत होते, "साहेब, यावरही शिक्का मारा की!"

तेवढ्यात तुम्ही धापा टाकत आलात. "मी एबेनेझर. काम सोडतो मी."

पिंपं बनवणारा सायलस हसला. त्याच्या हातात दुसरी दोरी होती. "एबेनेझर तर वर लटकलाय. तू कोण रे बाबा?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "मेहिटी, सांग ना यांना!"

मी म्हणाले, "हे माझे काका नव्हेत."

लोकांनी तुम्हाला वाट दिली. तुम्ही गेलात ते गेलातच. हे पत्र पाठवायला पत्ताही नाही.

काकूंना मी सांगितलंय, की तुम्हाला वाचवायला खोटं बोलले. खरं असं, की मी दोन्ही चेहरे नीट पाहिले होते, आणि मला वरचाच तुमचा वाटला.

तुमची पुतणी म्हणवणारी,
मेहिटेबल