पिळलेली पाती

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा तिच्याच वर्गातून आरडाओरडा! माझी पहिली-दुसरीची सात पोरं पाढे सोडून खिडकीला लटकलेली.

दर्शना मॅडम म्हणे कागदाची रॉकेटं शिकवतायत. कागद पेन्सिलीवर गुंडाळायचा, एक टोक दुमडून बंद करायचं, दुसऱ्या टोकाला तीन पाती चिकटवायची. मग शहाळ्याच्या स्ट्रॉवर चढवून – फू! झालं विज्ञान.

एकोणीस वर्षं या शाळेत मी काढली. तिसरी-चौथी माझी होती. जूनमध्ये ही आली आणि केंद्रप्रमुख म्हणाले, मोठी मुलं नव्या मॅडमना देऊन टाका. दिली. वर मी हसलेसुद्धा.

मी ‘बाई’, ती ‘मॅडम’. त्यातच सगळं आलं.

८ जानेवारी

चौथीतली वेदिका. तिचं अक्षर मी वळवलंय, हात धरून. मधल्या सुट्टीत रोज माझ्याजवळ बसून डबा खायची. आज तिकडे! जाता जाता मलाच शिकवते – ‘बाई, पाती नसली तर रॉकेट कोलांट्या मारता नि पडता. म्हायत्ये तुमाला?’

हो गं बाई, माहित्ये.

९ जानेवारी

दर्शना वाईट असती तर बरं झालं असतं. तीही नाही!

१७ जानेवारी, शुक्रवार

उद्या दप्तराविना शनिवार. केंद्रप्रमुख येणार, खास रॉकेटं बघायला. सकाळचा सराव झाल्यावर पोरांनी नावं घालून अकरा रॉकेटं माझ्या कपाटात ठेवली. ‘तुमच्याकडे नीट राहतील, बाई,’ म्हणाली. माझ्याकडे!

सगळे बाहेर जेवत होते तेव्हा कपाट उघडलं. अकराच्या अकरा रॉकेटांची पाती चिमटीत धरून पिळली. बोटांना मोदकाच्या कळ्या पाडायची सवय, दोन मिनिटांत काम झालं. सगळी पाती एकाच बाजूला वळलेली. वाकड्या पात्यांनी काय उडणार, कपाळ!

लाज वाटतेय. पण उद्याची वाटही बघतेय.

१८ जानेवारी, शनिवार

उडाली की! गरगर फिरत, पण सरळ! कालच्या सरावात एकही अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत पोचलं नव्हतं, आज चार पलीकडे गेली. हमझाचं तर शेजारच्या आंब्याच्या कलमात अडकलं.

केंद्रप्रमुख खूश. ‘पाती अशी पिळायची कल्पना कुणाची?’

दर्शना हातातलं रॉकेट उलटसुलट करून बघत राहिली. तेवढ्यात हमझा ओरडला – ‘बाईंनी पिळल्यानी! मी पाणी प्यायला आल्तो तवा बगितलंय!’

मी गडग्याकडे बघायला लागले.

दर्शनाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘हो सर, बाईंचीच. फिरत गेलं की रॉकेट डगमगत नाही.’

टाळ्या. माझा फोटो. वेदिका माझ्या कमरेला मिठी मारून उभी. आणि मी हसतेय. निर्लज्ज!

२० जानेवारी, सोमवार

तिसरी-चौथी माझ्या दारात. ‘बाई, माजा पण पिळून द्या!’ ‘बाई, आदी माजा!’ वेदिका डबा घेऊन पुन्हा माझ्या टेबलाशी. सहा महिन्यांत इतकी सुखावले नव्हते मी. मुकाट्याने सगळ्यांची पिळून दिली.

दर्शनाला वाटतंय मी मदत केली. वाटू दे.

२१ जानेवारी

राहवेना. शाळा सुटल्यावर दर्शनाला सांगून टाकलं, ‘मदत म्हणून नव्हतं केलं मी ते.’

वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, ‘ठाऊक आहे, बाई. मदत असती तर दोन-तीन तरी सरळ ठेवली असतीत. फरक बघायला.’

‘मग सरांसमोर तसं का नाही म्हणालीस?’

‘पोरं उभी होती ना.’

आता याचाही हेवा वाटतोय मला.